कडता

पहाटे साडेचारला नळाला पाणी येतं,
त्याआधी मी उठलेला असतो.
अंघोळ, कपाळावर तीन बोटं विभूती,
मग गळ्यातली चांदीची डबी उघडून
तुला डाव्या तळव्यावर घेतो.

तेहतीस वर्षं सांगलीच्या यार्डात तोलार म्हणून गेली.
पोत्याला नुसता हात लावला की किलो कळतात.
तुझा अंदाज अजून आलेला नाही.
एखाद्या सकाळी तू बोराएवढा हलका,
एखाद्या सकाळी मनगट थरथरतं.

काम तसं सोपं आहे.
हमाल पोतं ठेवतात, लाल आकडे पळतात, थांबतात,
मी ओरडतो, दिवाणजी लिहितो:
एक्कावन्न पॉइंट चारशे.
एक्कावन्न तर कुणीही म्हणेल.
पुढचं पॉइंट चारशे म्हणायचं का गिळायचं,
एवढ्याशा जागेत माझा सगळा धर्म,
आणि तिथंच निसरडं.

पेढीवरचे अण्णा स्पष्ट कधी बोलत नाहीत.
चहा सांगता सांगता म्हणतात,
"मल्लाप्पा, तोंड जरा आवरतं घेत जा."

घेतलं होतं एकदा.
धाकटीची नर्सिंगची फी भरायची होती मिरजेला.
नऊ दिवस पॉइंट गिळले.
त्याला चव नसते. घशात अडकतही नाही.
दहाव्या दिवशी पहाटे तुला तळव्यावर घेतलं
आणि मंत्राच्या जागी तोंडातून निघालं, एक्कावन्न.
नुसतं एक्कावन्न.
बायको आतून म्हणाली,
"काय हो, कुणाला मोजताय?"

तेव्हापासून शपथ घेत नाही.
माझ्या शपथा ओल्या हळदीसारख्या,
वाळल्या की पाचाला एक उरते.
फक्त उचल मागतो,
हमाल मागतात तशी, कान खाजवत, सकाळी सकाळी:
शिवा, आजच्यापुरतं दे.
शेवटच्या पोत्यापर्यंत जीभ सरळ राहील एवढं.
उद्याचं उद्या मागीन.
अण्णांची उचल वहीत चढते.
तुझी वही मी कधी पाहिली नाही.

काल जतकडची एक बाई आली होती, रखुबाई,
अकरा पोती, प्रत्येकाच्या तोंडावर हिरव्या दोऱ्याची शिवण.
दुपारचे दोन. पाठ गेलेली, पोटात काही नाही,
राजापुरीचा पिवळा धुरळा पापण्यांवर.
सातव्या पोत्याला आकडा थांबला,
आणि अण्णांची मान वर झाली.
जीभ टाळूला चिकटली.
खरं सांगतो, तुझं नाव घ्यायलासुद्धा सुटेना.
हात तेवढा सदऱ्यावरून डबीपाशी गेला,
आणि कुणीतरी ओरडलं,
"अठ्ठेचाळीस पॉइंट आठशे!"
दिवाणजीनं लिहिलं, तेव्हा कळलं
आवाज माझाच होता.
बाईला यातलं काही माहीत नाही.
ती पोत्यांच्या सावलीत बसून
फडक्यातली भाकरी सोडत होती.

हमालांची पोरं मला मागून पॉइंटमामा म्हणतात.
पुढच्या हंगामाला अण्णा दुसरा तोलार बघणार,
असंही कानावर आलंय.
ऐकल्यापासून झोप लागत नाही, खोटं कशाला बोलू.
तुझ्यावर भार टाकलाय म्हणतो
आणि रात्री उठून पुन्हा पाठीवर घेतो.

संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर हात धुतो.
हळद नखांतून जात नाही.
कधीतरी माझंही पोतं कुणी काट्यावर ठेवील.
तेव्हा गोणपाटाचा कडता काप,
मातीचा काप,
त्या नऊ दिवसांचा तर कापच, सोडू नकोस.
मग जे काही उरेल, शिवा,
त्यातला पॉइंट तेवढा
मोठ्यानं म्हण.